पाटाचं पाणी कुणाच्या बापाचं?

दोस्तहो, कोयनेच्या शिवसागरात बोटी पळतायत. बामणोली, तापोळा जुनंच. 2024 साली मुनावळ्यालाही सरकारनं जलपर्यटन केंद्र काढलं. पुण्यामुंबईची माणसं येतात, फोटो काढतात. काढू देत. बोटीनं धरण आटत नाही. माझं भांडण हिशेबाशी आहे.

धरणात सुमारे 105 टीएमसी पाणी मावतं. त्यातलं 67.5 टीएमसी विजेसाठी पश्चिमेला वळवायला कृष्णा लवादानं मुभा दिली. ते वाशिष्ठीतून समुद्राला जातं. नदीत सोडलेलं कऱ्हाडला कृष्णेला मिळतं. पुढं टेंभू, ताकारीचे पंप कृष्णेचं पाणी उचलून सांगलीच्या दुष्काळी भागात नेतात. पण देतात कुणाला? ज्याचा सातबारा त्याला. 2005 च्या कायद्यानं पाणीवापर संस्था आल्या, त्यांचा सभासदही जमीनवालाच. म्हणजे मनूनं ज्याला जमीन दिली नाही, त्याला पाटकरीही पाणी देत नाही. जातीचं नाव न घेता जात पाळायची ही सोय!

आपल्यातलेच काही म्हणतात, नळ आला, आता कसलं रडगाणं? त्यांनी 1901 सालचा मसूर स्टेशनापुढचा रस्ता आठवावा. खटाव तालुक्यात सरकार दुष्काळी कामावर तलाव खोदत होतं. बाबासाहेबांचे वडील तिथं खजिनदार. त्यांना भेटायला निघालेल्या पोरांना दुप्पट भाडं मोजून बैलगाडी मिळाली, पण रात्रभर प्यायला पाणी मिळालं नाही. बाबासाहेबांनीच हे लिहून ठेवलंय. तलावाचा पैसा बापाच्या हाती आणि पोरं तहानलेली! 20 मार्च 1927 ला महाडला आपण पाण्याला हात लावला. प्यायचा हक्क लढून घेतला. पिकवायचा हक्क अजून बाकी आहे.

हे स्वप्न नाही. सांगली जिल्ह्यात येरळा नदीवर बलवडी-तांदूळवाडीच्या लोकांनी 1980 च्या दशकात बळीराजा धरण उभारायला घेतलं आणि ठरवलं, पाणी जमिनीवर नाही, माणसावर वाटायचं. भूमिहीनालाही वाटा. शहाणे विचारतात, रान नाही तर पाणी काय डोक्यावर ओतणार? अरे, ज्याच्या हाती पाणी त्याच्या दारात कोरड्या रानाचा मालक अर्धेलीनं कसायला दे म्हणत येतो. मजूर भागीदार होतो. खरी पोटदुखी तीच आहे.

तेव्हा सुट्टीला गावी गेलात की चावडीवर नुसतं बसू नका. ग्रामसभेत उभं राहा. पाणीवापर संस्थेची यादी मागा. आपल्या वस्तीतली किती नावं त्यात आहेत, मोठ्यानं वाचायला लावा. एकही नसेल तर सगळी वस्ती घेऊन धरणावर जाऊ. बोटीत बसायला नव्हे.

जय भीम!