‘स्वेच्छे’चा राजीनामा कुणाच्या सोयीचा?



चाकण परिसरातल्या एका कारखान्यातील कामगारांनी ‘स्वेच्छेने’ राजीनामे दिल्याची बातमी आपल्या अंकात वाचली. एकाच लाइनवरच्या माणसांना एकाच दिवशी अशी सामुदायिक स्वेच्छा होत नसते. मी भोसरीत टाइम ऑफिसात नोकरी केली, ‘फुल अँड फायनल’चे हिशेब काढले. असे कागद पुष्कळ पाहिलेत. मजकूर आधीच टाइप केलेला, कारण ‘वैयक्तिक’, रिकामी जागा फक्त तारखेला आणि सहीला. कुणाचं घराचं कर्ज, कुणाची आई दवाखान्यात, पण वैयक्तिक कारण सगळ्यांचं एकाच फॉन्टमध्ये!

कंपनीला राजीनामाच का हवा असतो, ते आकड्यांत पाहू. काम उरलं नाही म्हणून माणूस कमी केला तर ती ‘कामगार कपात’. वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगाराला त्यासाठी कारण देऊन किमान एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार, आणि दर वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यावा लागतो. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात हे होतंच, 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. शिवाय आता पुनर्कौशल्य निधीतून आणखी 15 दिवसांचा पगार 45 दिवसांत खात्यावर यायला हवा.

समजा पगार 26,000 रुपये आणि नोकरी 11 वर्षं 8 महिने. सहा महिन्यांवरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे 12 वर्षं. भरपाई 1,56,000, नोटिशीचे 26,000, निधीचे 13,000. एकूण 1,95,000 रुपये. ग्रॅच्युइटी निराळी. तिथे महिना 26 दिवसांचा धरतात, म्हणून ती 1,80,000 होते. राजीनामा दिला तरी ग्रॅच्युइटी मिळतेच. सहीसाठी केबिनमध्ये बोलावून ‘एवढे देतोय की’ म्हणून जो आकडा दाखवतात तो बहुधा हाच असतो, म्हणजे माणसाचे स्वतःचेच पैसे. वरचे 1,95,000 मात्र एका सहीत जातात. नेमणूकपत्रात नोटीस पिरियडचं कलम असेल तर ‘तुम्हीच तो भरला नाही’ म्हणून उलट कपात करणारेही महाभाग आहेत.

हिंजवडीतल्या आयटीच्या मुलांना वाटतं, हे सगळं खाकी कपड्यांतल्यांसाठी. तसं नाही. कायद्यातल्या कामगाराच्या व्याख्येत तांत्रिक आणि कारकुनी कामही येतं. 18,000 रुपयांची पगारमर्यादा आहे ती देखरेखीचं काम करणाऱ्यांना. कार्डावर ‘मॅनेजर’ छापलं म्हणून भागत नाही, प्रत्यक्ष काम काय होतं ते बघतात. खरोखरच व्यवस्थापक असेल त्याला मात्र नेमणूकपत्राचाच आधार.

राजीनाम्याने रेकॉर्ड स्वच्छ राहतं, पुढची नोकरी मिळते, असा युक्तिवाद मालकांकडून होतो. कपात म्हणजे बडतर्फी नव्हे. कंपनीकडे काम नव्हतं, एवढंच त्या पत्रावरून कळतं, आणि त्यात लाज वाटायची तर कंपनीला वाटावी. स्वेच्छानिवृत्तीची योजना खरोखर चांगली असेल तर जरूर घ्यावी, पण ती रक्कम कपातीच्या हिशेबाशेजारी मांडून.

कपातीसाठी लागणाऱ्या सरकारी परवानगीची मर्यादा 100 वरून 300 कामगारांवर नेल्याबद्दल बरीच ओरड झाली, आणि ती रास्तच होती. पण सगळ्यांनी राजीनामेच दिले, तर 300 वरच्या कारखान्यालाही परवानगी कशाला लागते? जबरदस्तीने घेतलेला राजीनामा कोर्टात टिकत नाही हे खरं, पण जबरदस्ती सिद्ध कुणी करायची? ज्याचा पगार थांबलाय त्याने! हे ओझं फिरवायला हवं. एका आस्थापनेत थोड्या दिवसांत एकाच मजकुराचे राजीनामे आले, तर उलट सिद्ध होईपर्यंत ती कपात धरावी आणि कामगार उपायुक्त कार्यालयाने प्रत्येकाला मालकाच्या अपरोक्ष बोलावून विचारावं. राज्य सरकारने आपल्या नियमांत ही तरतूद करावी.

तोवर केबिनमध्ये बसलेल्याने कपातीचं पत्र लेखी मागावं आणि सही घरी विचारून करतो म्हणून उठावं. आपल्या वार्ताहरांनीही पुढच्या वेळी ‘स्वेच्छेने’ छापण्याआधी त्या राजीनाम्यांच्या दोन-चार प्रती मागून पाहाव्यात.

– एक निवृत्त टाइमकीपर, भोसरी