कायद्याचा नेम कुणावर?

२ फेब्रुवारी २०२४ च्या रात्री उल्हासनगरच्या हिललाईन पोलीस ठाण्यात, खुद्द वरिष्ठ निरीक्षकांच्या दालनात, गोळीबार झाला. कल्याण पूर्वचे तत्कालीन आमदार गणपत गायकवाड यांनी शिवसेनेचे (शिंदे गट) महेश गायकवाड यांच्यावर गोळ्या झाडल्या, असा पोलिसांचा आरोप आहे. वाद द्वारली येथील जमिनीचा होता. आपल्या मुलाला मारहाण होत असल्याने आपण गोळीबार केला, असे आमदारमहाशयांनी एका वृत्तवाहिनीला सांगितले. वापरलेले शस्त्र परवान्याचे असल्याचे वृत्तपत्रांनी छापले. यानंतर सहाच दिवसांनी दहिसरला अभिषेक घोसाळकर यांची हत्या झाली. तेथे मारेकऱ्याने आपल्या अंगरक्षकाचे परवानाधारक पिस्तूल वापरले, असे पोलिसांनी सांगितले. साहजिकच शस्त्रकायदा अधिक कडक करा, परवाने रद्द करा, अशी मागणी सर्वत्र सुरू झाली.

या मागणीचा विचार करताना एका वर्गाचे म्हणणे सहसा कोणी ऐकून घेत नाही. तो वर्ग म्हणजे कायद्याने शस्त्र बाळगणाऱ्या सामान्य नागरिकांचा. डोंबिवलीत एखाद्या सहकारी बँकेच्या दारावर बारा बोअरची दुनळी घेऊन उभा असलेला निवृत्त जवान, मुरबाड-शहापूरकडे रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी परवाना घेतलेला शेतकरी, नेमबाजीच्या स्पर्धांत उतरणारा विद्यार्थी, ही मंडळी या वर्गात मोडतात. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे याने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीचे कांस्यपदक मिळवले, तेव्हा सर्व महाराष्ट्राला अभिमान वाटला. परंतु शस्त्र बाळगणारा म्हणजे संशयित, ही भावना त्यामुळे कमी झाली असे दिसत नाही.

या मंडळींचा युक्तिवाद थोडक्यात असा: आमची पोलिसांकडून चौकशी होते, शस्त्राचा क्रमांक सरकारदरबारी नोंदलेला असतो, घेतलेल्या काडतुसांचा हिशेब द्यावा लागतो. निवडणूक आली की शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करण्याची नोटीस हाती पडते. गुंड मात्र आपला गावठी कट्टा जमा करायला येत नाही. मग कायदा कडक झाला की त्याचा भार कुणावर पडतो? २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीजवळील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. मूळ विधेयकात तर ती एकावर आणण्याचा प्रस्ताव होता. तिसरी वडिलोपार्जित बंदूक जमा करणाऱ्या वृद्ध परवानाधारकामुळे कल्याणमधील किती गुन्हे टळले, हा त्यांचा प्रश्न आहे.

हा प्रश्न उडवून लावण्याजोगा नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०१६ च्या आकडेवारीनुसार देशात बंदुकीने ज्यांचे खून झाले, त्यांतील शंभरात नव्वदाहून अधिक लोक विनापरवाना शस्त्रांना बळी पडले. त्या वर्षाअखेर देशात सुमारे ३३ लाख ६९ हजार परवाने होते, पैकी उत्तर प्रदेशात १२ लाख ७७ हजार आणि महाराष्ट्रात सुमारे ८४ हजार. याउलट, देशातील नोंदणी नसलेल्या शस्त्रांची संख्या सहा कोटींच्या घरात असल्याचा अंदाज जिनिव्हा येथील स्मॉल आर्म्स सर्व्हे या संस्थेने २०१७ सालासाठी मांडला. हा केवळ अंदाज आहे हे मान्य केले, तरी खरा साठा परवान्याच्या कक्षेबाहेर आहे, याविषयी मतभेद होण्याचे कारण नाही.

परदेशांतील अनुभवही हेच सुचवतो, पण जपून वाचला तर. एप्रिल १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियात पोर्ट आर्थर येथे एका माथेफिरूने ३५ माणसे मारली. त्यानंतर तेथील सरकारने सुमारे साडेसहा लाख बंदुका मोबदला देऊन परत घेतल्या. पुढील काळात बंदुकीने होणाऱ्या हत्या आणि विशेषतः आत्महत्या घटल्या. ही घट आधीपासूनच सुरू होती, म्हणून तिचे किती श्रेय कायद्याला द्यावे याविषयी अभ्यासकांत वाद आहे. ब्रिटनने डनब्लेनच्या शाळेतील हत्याकांडानंतर १९९७ मध्ये पिस्तुलांवर बंदी घातली. तरीही पुढील काही वर्षे पिस्तुलांचे गुन्हे वाढतच राहिले आणि ते घटले नंतर. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर, कायदेशीर साठा आटवल्याने गुन्हे कमी होतात ते मुख्यतः गुन्हेगाराला त्याच साठ्यातून शस्त्र मिळत असेल तर. जेथे पुरवठा वेगळ्याच भट्टीतून होतो, तेथे परवानाधारकावर कितीही बंधने लादली तरी ती भट्टी विझत नाही.

महाराष्ट्राच्या बाबतीत ही भट्टी शब्दशः आहे. जळगाव जिल्ह्याच्या सीमेला लागून मध्य प्रदेशच्या बडवानी जिल्ह्यात उमर्टी नावाचे गाव आहे. तेथे बनलेली पिस्तुले राज्यातील शहरांत पोहोचतात, हे पोलीस तपासात पुन्हापुन्हा उघड झाले आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुणे पोलिसांनी तेथे जाऊन भट्ट्या उद्ध्वस्त केल्या. कारवाई आवश्यकच होती. परंतु धातुकामाचे पिढीजात कसब असलेल्या कारागिरांना त्या कसबाला साजेसा सनदशीर रोजगार दिला नाही, तर विझवलेली भट्टी पुन्हा पेटायला कितीसा वेळ लागणार?

एवढ्यावरून परवानाधारकांची बाजू संपूर्णपणे मान्य करावी काय? तसे म्हणता येत नाही. परवान्याचे शस्त्र गुन्ह्यात येतच नाही, हा त्यांचा दावा वर सांगितलेल्या दोन घटनांनी लंगडा पाडला आहे. परवाना घेताना मनुष्य शांत असतो. जमिनीचा वाद पेटल्यावर, दारूच्या अमलात किंवा निराशेच्या गर्तेत तोच मनुष्य शांत राहील याची हमी परवाना देत नाही. शिवाय मालकाने हलगर्जीपणे ठेवलेले शस्त्र दुसऱ्याच्या हाती गेले, की कायदेशीर आणि बेकायदेशीर यांतील भेद क्षणात पुसला जातो.

येथे थोडा इतिहास आठवणे उपयुक्त ठरेल. १८७८ च्या कायद्याने ब्रिटिशांनी हिंदी माणसाला निःशस्त्र केले आणि युरोपियनांना मात्र सूट दिली. तो अपमान स्मरून काँग्रेसने १९३१ च्या कराची ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घातला. त्याच आधारावर डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत ह. वि. कामत यांनी तशी दुरुस्ती मांडली. पुढे हेच कामत प्रजा समाजवादी पक्षातर्फे लोकसभेत गेले. डॉ. आंबेडकरांनी दुरुस्तीला विरोध केला. असा हक्क मूलभूत ठरवला तर सराईत गुन्हेगारालाही तो नाकारता येणार नाही, ही त्यांची हरकत होती. म्हणजे परवाना हा हक्क नव्हे, समाजाने टाकलेला विश्वास आहे. विश्वास म्हटला की त्याची वेळोवेळी पारखही आलीच, आणि प्रामाणिक परवानाधारकाने तिला आक्षेप घेऊ नये.

प्रश्न उरतो तो पारख कुणाची होते याचा. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम १४ मध्ये एक तरतूद आहे, जिची वाच्यता क्वचितच होते: अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही. कायद्याने गरीब-श्रीमंत असा भेद केलेला नाही. व्यवहारात मात्र कमरेचे पिस्तूल हे संरक्षणाचे साधन न राहता प्रतिष्ठेचे चिन्ह झाले आहे. बीड जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्रपरवाने असल्याचे डिसेंबर २०२४ मधील सरपंच संतोष देशमुख यांच्या हत्येनंतर चव्हाट्यावर आले. ते परवाने काही पीक राखण्यासाठी दिले गेले नव्हते. आपल्या ठाणे-कल्याण परिसरातही नवी मागणी उगवते ती जमिनीतून. शेतजमिनीचे भाव गगनाला भिडले, सातबाऱ्यावरील वाद दिवाणी न्यायालयांत वर्षानुवर्षे लोंबकळत राहिले, बेकायदा बांधकामांना राजकीय आश्रय मिळाला, की पिस्तूल हे व्यवसायाचे हत्यार बनते. ते परवान्याचे की गावठी, हा मग तपशिलाचा भाग ठरतो.

म्हणून कायदा कडक असावा की सैल, हा वाद निष्फळ आहे. तो कुठे कडक असावा, हे ठरवले पाहिजे. गंभीर गुन्ह्याचे आरोपपत्र दाखल झालेल्या व्यक्तीचा परवाना, ती आमदार असो वा नगरसेवक, निकाल लागेपर्यंत स्थगित झाला पाहिजे आणि तो स्थगित न केल्यास अधिकाऱ्याने लेखी कारणे द्यावीत. ठाणे पोलीस आयुक्त आणि जिल्हाधिकारी यांनी दिलेल्या परवान्यांची संख्या, कारणांच्या वर्गवारीसह, दरवर्षी जाहीर व्हावी. खासगी अंगरक्षकाच्या शस्त्राची जबाबदारी त्याला कामावर ठेवणाऱ्यावरही असावी. निवडणुकीत शस्त्र जमा करण्याचे हुकूम सरसकट न काढता व्यक्तीगणिक छाननी करून काढावेत, म्हणजे बँकेच्या रखवालदाराची रोजी बुडणार नाही.

सज्जन परवानाधारकाने या मागण्यांना विरोध न करता त्यांचा पुरस्कार केला पाहिजे. त्याची खरी बदनामी कायदा करीत नाही. त्याच्यासारखाच कागद खिशात बाळगून पोलीस ठाण्यापर्यंत पिस्तूल घेऊन जाणारा बलदंड माणूस ती करतो. कायद्याचा नेम अशा माणसावर धरला, तर रखवालदाराला आणि शेतकऱ्याला त्याची भीती वाटण्याचे कारण उरणार नाही.