तिसऱ्या नावाचा शेजारधर्म

सांगली, मिरज आणि कुपवाड यांची मिळून एक महानगरपालिका 9 फेब्रुवारी 1998 रोजी अस्तित्वात आली, आणि तेव्हापासून फलकावरील नावांचा क्रम हाच कामांचाही क्रम समजला जातो, अशी कुपवाडकरांची जुनी तक्रार आहे. ती पूर्णतः खरी मानली नाही, तरी या तिसऱ्या नावाच्या वसाहतींमध्ये नागरिकांच्या संघटना कशासाठी लागतात, याचे निम्मे उत्तर तिच्यात मिळते. उरलेले निम्मे जमिनीत आहे.

कुपवाड औद्योगिक वसाहतीभोवती रोजगार वाढला, त्या वेगाने परवडणारी घरे वाढली नाहीत, आणि ती उणीव गुंठेवारीने भरून काढली. गुंठेवारी म्हणजे बिनशेती परवानगी व मंजूर रेखांकन यांच्या वाटेला न जाता शेतजमिनीचे गुंठ्यागुंठ्याचे तुकडे पाडून केलेली विक्री. एक गुंठा म्हणजे एकराचा चाळिसावा भाग, अर्थात 1089 चौरस फूट. मंजूर रेखांकनात रस्ता, गटार आणि खुली जागा आधी आखली जाते व मग भूखंड विकले जातात, तर गुंठेवारीत भूखंड आधी विकला जातो आणि रस्ता, गटार व खुली जागा हे विषय पुढच्या पिढीच्या निवेदनांसाठी राखून ठेवले जातात. राज्याने 2001 मध्ये कायदा करून अशी बांधकामे शुल्क घेऊन नियमाधीन करण्याची सोय केली आणि 2021 मध्ये तिची मुदतरेषा 31 डिसेंबर 2020 पर्यंत पुढे आणली. त्यामुळे कागद सरळ होण्याचा मार्ग खुला झाला, परंतु काळ्या मातीतील रस्ता पावसाळ्यात कागदाकडे पाहून वागत नाही.

अशा ठिकाणी रहिवासी एकत्र येतात, पावसाळ्यापूर्वी मुरूम टाकून मागतात, तुंबलेल्या गटारीचे छायाचित्र निवेदनाला जोडतात आणि एखादी मोकळी जागा उरलीच असेल तर तिच्यावर अतिक्रमण होऊ नये म्हणून आलटून पालटून लक्ष ठेवतात. संघटनेला अधिकृत रूप हवे असेल तर 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदणी करावी लागते व हिशेब तपासून घेऊन धर्मादाय कार्यालयाला सादर करावे लागतात. म्हणजे गटारीसाठी जन्मलेल्या संस्थेने आपल्या वर्गणीचा हिशेब दरसाल द्यायचा असतो. गटार कधी होणार, याचा हिशेब तिला दरसाल देणारे कार्यालय मात्र अद्याप निर्माण झालेले नाही.

कायद्याने नागरिकांना जागाच दिलेली नाही, असे म्हणता येणार नाही. 74 व्या घटनादुरुस्तीने तीन लाख व त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या, म्हणजे काही प्रभागांचा एकत्रित कारभार पाहणाऱ्या समित्या, बंधनकारक केल्या, आणि 2011 च्या जनगणनेत पाच लाखांवर गेलेली ही महापालिका त्या कक्षेत येते. राज्याच्या कायद्यानुसार अशा समितीवर मान्यताप्राप्त स्वयंसेवी व वस्तीपातळीवरील संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधी नामनिर्देशित होऊ शकतात. ते निवडायचे नगरसेवकांनी, त्यामुळे जाब विचारणारा कोण असावा हे ज्यांना जाब द्यायचा त्यांनीच ठरवायचे, अशी ही सोयीस्कर रचना आहे. पुढे 2009 मध्ये क्षेत्रसभेची, म्हणजे मतदान केंद्रांच्या हद्दीतील मतदारांच्या सभेची, तरतूद झाली. ग्रामसभेचे हे शहरी भावंड कायद्याच्या पुस्तकात सुखरूप आहे. ऑगस्ट 2023 मध्ये सभागृहाची मुदत संपून प्रशासक आल्यावर तर नगरसेवकांमार्फत जाण्याची वाटही बंद झाली होती.

नागरिक संघटना प्रशासनाला नकोशा असतात, असा याचा अर्थ नाही. मुंबईत घाटकोपरच्या जोशी लेनमधील रहिवाशांनी कचरा वेगळा करून गल्ली स्वच्छ ठेवली, आणि महापालिकेने 1997 च्या सुमारास तोच नमुना प्रगत परिसर व्यवस्थापन या नावाने शहरभर नेला. कौतुक रास्त होते. परंतु झाडू हाती घेणाऱ्या संघटनेचा सत्कार होतो आणि अंदाजपत्रक हाती मागणारी संघटना अडथळा ठरते, हा भेद मुंबईपासून कुपवाडपर्यंत फारसा बदलत नाही.

संघटनांच्या पदरीही दोष आहे. कारखान्यांत पाळ्यांवर काम करणारे आणि भाड्याच्या खोल्यांत राहणारे कामगार त्याच चिखलातून चालतात, तरी रहिवासी या शब्दाचा अर्थ अनेकदा भूखंडाचा मालक एवढाच घेतला जातो, आणि परिसराचे रक्षण करताना ते कोणापासून करायचे, या यादीत कधीकधी हाच भाडेकरू आधी बसतो. स्वतःचे घर नियमाधीन झाले की इतरांची घरे अनधिकृत दिसू लागण्याचा विकारही नवा नाही. भाडेकरूलाही मत देणारी संघटना क्षेत्रसभा मागेल तेव्हा ती मागणी नाकारणे प्रशासनाला जड जाईल. तोवर निवेदनाच्या दुसऱ्या प्रतीवर उमटलेला आवक विभागाचा शिक्का, हेच तिसऱ्या नावाच्या पदरी पडलेले सर्वांत पक्के बांधकाम राहील.