प्रत्यारोपणानंतरचा मधुमेह : अनपेक्षित नव्हे, दुर्लक्षित

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये १९७१ साली जिवंत दात्याच्या मूत्रपिंडाचे भारतातील पहिले यशस्वी प्रत्यारोपण झाले. आज देशात वर्षाला तेरा हजारांहून अधिक मूत्रपिंड प्रत्यारोपणे होतात आणि त्यांतील बहुसंख्य मूत्रपिंडे जिवंत नातलगांनी, अनेकदा आईने किंवा पत्नीने दिलेली असतात. डायलिसिसमधून सुटका झाल्याच्या आनंदात काही महिने जातात आणि मग एका तपासणीत रक्तातील साखर वाढलेली आढळते. घरात पहिला प्रश्न येतो, ‘पथ्य कुठे चुकले?’ हा प्रश्न बहुतेक वेळा अन्यायकारक असतो.

या आजाराचे पूर्वीचे नाव ‘प्रत्यारोपणानंतर नव्याने उद्भवलेला मधुमेह’ असे होते. २०१३ साली भरलेल्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय बैठकीने त्यातील ‘नव्याने’ हा शब्द वगळण्याची शिफारस केली. अनेक रुग्णांत मधुमेह शस्त्रक्रियेपूर्वीच असतो, फक्त तो ओळखलेला नसतो, हे त्यामागचे कारण होते. इन्सुलिनचा बराचसा निचरा मूत्रपिंडे करतात. ती निकामी झाली की इन्सुलिन शरीरात अधिक काळ टिकते आणि साखर फसवी नियंत्रणात दिसते. त्यातच रक्तक्षयामुळे आणि लाल पेशींचे आयुष्य घटल्यामुळे तीन महिन्यांच्या सरासरीची एचबीए१सी चाचणीही खरा आकडा दाखवत नाही. नवे मूत्रपिंड काम करू लागताच इन्सुलिनचा निचरा वाढतो, भूक परतते, वजन वाढते आणि झाकलेले उघडे पडते.

उरलेले काम औषधे करतात. टॅक्रोलिमस शरीराला नवे मूत्रपिंड नाकारू देत नाही, परंतु स्वादुपिंडातील बीटा पेशींची इन्सुलिननिर्मितीही मंदावते. प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइडे इन्सुलिनचा प्रभाव कमी करतात. वाढते वय, स्थूलता, घराण्यातील मधुमेह, हेपॅटायटिस सी, सायटोमेगॅलो विषाणूचा संसर्ग आणि रक्तातील मॅग्नेशियमची कमतरता हेही ज्ञात धोके आहेत. यांतील बहुतेक गोष्टी शस्त्रक्रियेच्या टेबलावर जाण्यापूर्वीच कागदावर मांडता येतात.

भारतात ही मांडणी विशेष निकडीची आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडिॲब अभ्यासानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. ज्या समाजात मधुमेहाची प्रवृत्ती इतकी खोलवर रुजली आहे, तिथे प्रत्यारोपणानंतर वाढलेल्या साखरेला अपघात म्हणणे ही स्वतःची समजूत घालणे होय.

यावर एक आक्षेप रास्त आहे : आधी मूत्रपिंड वाचवायचे, साखरेचे नंतर पाहू. नाकारले गेलेले मूत्रपिंड हे मोठे संकट आहे, यात शंका नाही. साखरेच्या भीतीने रुग्णाने परस्पर गोळ्या कमी करणे तर आत्मघातकीच ठरेल. परंतु धोका आधी ओळखणे म्हणजे औषध बंद करणे नव्हे. २०१६ साली ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘हार्मनी’ चाचणीत मूत्रपिंड नाकारले जाण्याचा धोका कमी असलेल्या रुग्णांची स्टेरॉइडे आठव्या दिवशी थांबवली गेली. त्यांच्यात नकाराचे प्रमाण वाढले नाही, मधुमेहाचे मात्र घटले. हा मार्ग सर्वांसाठी नाही. तो कोणासाठी योग्य, हे ठरवण्यासाठी दोन्ही धोके आधी माहीत असावे लागतात.

प्रश्न तपासणीच्या पद्धतीचाही आहे. सकाळी घेतलेल्या प्रेडनिसोलोनचा परिणाम दुपारी आणि संध्याकाळी शिगेला पोहोचतो, त्यामुळे उपाशीपोटी साखर सामान्य असलेल्या रुग्णाची दुपारची साखर बरीच चढलेली असू शकते. केवळ उपाशीपोटी रक्त तपासून निश्चिंत होणे म्हणजे पहाटे दार तपासून दुपारच्या चोराबद्दल निर्धास्त राहणे. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या आठवड्यांत साखर तात्पुरती वाढणे सामान्य आहे, म्हणून पक्के निदान साधारण सहा आठवड्यांनंतर करावे. मोजमाप मात्र पहिल्या दिवसापासूनच हवे. ‘केडिगो’ची २००९ ची मार्गदर्शक तत्त्वे पहिले चार आठवडे दर आठवड्याला, नंतर वर्षभर दर तीन महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी तपासणी सुचवतात.

७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर मोजण्याची चाचणी महाग नाही, तिला दुर्मिळ यंत्रही लागत नाही. प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षेतील ज्या रुग्णाला मधुमेह असल्याचे आधीच ठाऊक नाही, अशा प्रत्येकाची ही चाचणी शस्त्रक्रियेपूर्वी व्हावी आणि नंतर दुपारच्या साखरेची नोंद टॅक्रोलिमसच्या पातळीइतक्याच काटेकोरपणे ठेवली जावी. नातलगाने आपल्या देहाचा अवयव काढून दिलेला असतो. त्या दानाची राखण रुग्णाच्या पथ्यावर सोपवून व्यवस्थेला मोकळे होता येणार नाही.