हरवलेल्या किल्लीचा हिशेब

परप्रांतातील एका उड्डाण-प्रशिक्षण केंद्रात मी विमान-अभियंता म्हणून नोकरीस असताना, एके दिवशी सकाळी नित्याच्या रिवाजाप्रमाणे एका सेस्ना 172 च्या प्रोपेलरच्या पात्यांवरून बोट फिरवीत असता, पात्याच्या मुळापासून वीतभर अंतरावर दोन ताजे ओरखडे नखाला लागले. आदल्या संध्याकाळी तेथे साखळी आणि कुलूप होते. आता दोन्ही नव्हती, आणि कोणी काही बोलतही नव्हते. दुपारपर्यंत उलगडा झाला तो असा : कुलपाची किल्ली एका विद्यार्थ्याच्या हातून गहाळ झाली होती, दुसऱ्या दिवशी त्याचे पहिले एकल उड्डाण होते, किल्ली हरविणाऱ्यास जबर दंड व उड्डाणबंदी हे नियमावलीतील कलम त्याला तोंडपाठ होते, आणि म्हणून रात्री कार्यशाळेतली हॅकसॉ घेऊन त्याने ती साखळी पात्यावरच कापून काढली होती.

घराच्या दाराचे कुलूप तोडले तर फार तर कोयंडा उखडतो आणि सुतार बोलावला की काम भागते. परंतु हे पाते अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असून उड्डाणात मिनिटाला 2,700 पर्यंत, म्हणजे सेकंदाला 45 फेरे घेते, आणि त्या भ्रमणात त्याच्या मुळाशी कित्येक टनांचा ताण पडतो. पृष्ठभाग गुळगुळीत असेल तोवर हा ताण सर्वत्र वाटला जातो. जेथे खाच असेल तेथे तो एकवटतो, खाचेच्या तळाशी डोळ्यांना न दिसणारी चीर जन्म घेते, आणि दीर्घकाळ निर्वेध उडालेले विमान एखाद्या दिवशी पात्याचा तुकडा आकाशात गमावून बसते. मग उरलेल्या प्रोपेलरचे असंतुलित भ्रमण इंजिनालाच त्याच्या चौकटीतून उपटू पाहते. खडी लागून पडणारे बारीक टवकेदेखील आम्ही निर्मात्याने आखून दिलेल्या मर्यादेत कानशीने घासून घेतो, ते याच कारणास्तव. ग्राइंडर तर हॅकसॉहूनही घातक, कारण त्याच्या उष्णतेने धातूचे बळ क्षीण होते, आणि ठिणग्या उडतात त्या इंधनाच्या टाक्या पोटात बाळगणाऱ्या पंखांजवळ.

याहून तातडीचे भय निराळेच आहे. करवत नीट पोहोचावी म्हणून माणूस पाते हाताने थोडे फिरवितो, आणि स्विच बंद असल्याने विमान निद्रिस्त आहे असे गृहीत धरतो. वास्तविक इंजिनाला ठिणगी पुरविणाऱ्या मॅग्नेटोला बॅटरीची गरज नसते. तो स्वतःच्या भ्रमणातूनच ठिणगी निर्माण करतो, आणि स्विच बंद करणे म्हणजे त्याला एका तारेने विमानाच्या सांगाड्याशी जोडून निष्प्रभ करणे, एवढाच त्याचा अर्थ. ती एक तार तुटलेली असेल आणि सिलिंडरात थोडे इंधन उरलेले असेल, तर इंजिन क्षणात सुरू होते व पाते फिरविणाऱ्याचा हात, प्रसंगी प्राणही, घेऊन जाते. तो मुलगा त्या रात्री तेथे एकटा होता, हे आठवले की आजही माझ्या अंगावर काटा उभा राहतो.

किल्ली सापडत नाही असे दिसताच विमान आहे तेथे तसेच राहू द्यावे आणि त्याच घटकेस नोंदवहीत नोंद करावी. पुष्कळ कुलपांवर क्रमांक कोरलेला असतो; त्यावरून, मालकीचे कागद दाखवून, नवी किल्ली करविता येते. कापणेच भाग पडले तर परवानाधारक अभियंत्याच्या समक्ष, पात्यावर जाड आवरण घालून आणि साखळी त्यापासून दूर ओढून ते काम व्हावे. किल्ली इंजिनाच्या स्विचची असेल तर नाक्यावरच्या चावीवाल्यास मात्र पाचारण करू नये. तो स्विच विमानाचा अधिकृत भाग आहे, व त्याची दुरुस्ती लॉगबुकात चढलीच पाहिजे. हरवलेली किल्ली कोणाच्या हाती लागेल याचाही भरवसा नसतो. विमान भलत्या हाती पडले की काय घडते पाहा : 2002 च्या जानेवारीत अमेरिकेतील टॅम्पा येथे, तपासणीसाठी विमानाजवळ एकट्याने पाठविलेल्या 15 वर्षांच्या विद्यार्थ्याने ते परस्पर उडवून एका उंच इमारतीवर आदळविले आणि त्यात त्याचा अंत झाला. पुढल्याच वर्षी न्यू जर्सी राज्याने 24 तासांहून अधिक काळ उभ्या राहणाऱ्या विमानांना दोन कुलपे सक्तीची केली.

परंतु माझा मुख्य आग्रह कुलपांविषयी नाही, त्या दंडाच्या कलमाविषयी आहे. प्रशिक्षणाचे विमान दिवसातून अनेकांच्या ताब्यात जाते, आणि तितक्या हातांतून फिरणारी किल्ली केव्हा तरी गहाळ होणारच. हा अनवधानाचा प्रमाद आहे, अपराध नव्हे. त्यावर दंड बसविला की किल्ल्या हरवायच्या थांबत नाहीत, हरवल्याची वर्दी तेवढी थांबते. हवाई क्षेत्राने हे फार पूर्वी ओळखले आहे : अमेरिकेत 1976 पासून नासामार्फत चालणाऱ्या सुरक्षा-निवेदन योजनेत, अजाणता घडलेल्या नियमभंगाची वर्दी 10 दिवसांच्या आत जो स्वतः देतो, त्याला सामान्यतः शिक्षेतून मुभा मिळते. वैमानिकाच्या बाबतीत जी मुभा रास्त ठरते ती अठरा-एकोणीस वर्षांच्या शिकाऊ पोराला नाकारण्याचे कारण मला आजवर कोणी पटवून दिलेले नाही.

ते विमान चार दिवस उभे राहिले. ओरखड्यांची खोली मोजून, कानशीने घासून, पाते पुन्हा तपासून मी लॉगबुकावर सही केली. मुलासाठी मी व्यवस्थापनाकडे रदबदली केली आणि दोन मागण्या लेखी दिल्या : दुसरी किल्ली मोहोरबंद पेटीत कचेरीत ठेवावी, आणि त्याच दिवशी वर्दी देणाऱ्यास दंड करू नये. पेटी आठवड्याच्या आत भिंतीवर लागली. दंडाचे कलम मी निवृत्त झालो त्या दिवशीही नियमावलीत होते, आणि ते खोडावे ही माझी मागणी आजही कायम आहे.