बटण दाबले, पण संगणक सुरूच होईना

ईदनंतरच्या आठवड्यात माझा भाचा तावातावाने घरी आला. बारावीच्या सुट्टीत त्याने सुटे भाग आणून स्वतः संगणक जोडला होता. निम्मे पैसे त्याने साठवलेले, निम्मे आपाच्या भिशीतले.

"मामू, बटण दाबले तरी पंखा फिरत नाही की काही नाही. मदरबोर्ड खराब दिलाय. दुकानदाराला फोनवर चांगले सुनावले मी."

"तपासून पाहिलेस?"

"दहा वेळा बटण दाबले की!"

इशाच्या नमाजनंतर त्याच्या घरी गेलो. असे प्रश्न अनेक घरांतून येतात, म्हणून आम्ही काय केले ते क्रमाने सांगतो. आधी एक फरक ओळखा. पंखे फिरतात पण पडद्यावर काही दिसत नाही, हा आजार वेगळा. तिथे बहुधा रॅम काढून पुन्हा घट्ट बसवण्यापासून सुरुवात करावी. पंखाच हलत नसेल, तर वीज कुठे अडली ते शोधायचे, आणि बाहेरून आत जायचे.

ज्या सॉकेटला संगणक लावला आहे, तिथे मोबाइलचा चार्जर लावून पाहा. यूपीएस असेल तर तो बाजूला ठेवून थेट जोडा. पॉवर सप्लायच्या मागे छोटे बटण असते. त्याची रेघेची बाजू दाबलेली हवी, गोलाची नव्हे. काही जुन्या पॉवर सप्लायवर ११५ आणि २३० असा लाल खटका असतो. आपल्याकडे तो २३० वरच हवा, नाहीतर पॉवर सप्लाय जळू शकतो.

आता वायर काढून मग खोके उघडा. मदरबोर्डला वीज दोन ठिकाणी लागते: २४ पिनांचा रुंद कनेक्टर आणि प्रोसेसरजवळचा, बहुतेक ८ पिनांचा, लहान कनेक्टर. नवशिके हा दुसरा विसरतात. दोन्ही 'टक्' आवाज येईपर्यंत बसले पाहिजेत. पॉवर सप्लायच्या तारा सुट्या होणाऱ्या असतील, तर दुसऱ्या पॉवर सप्लायच्या तारा कधीही लावू नका. आकार जुळला तरी आतली मांडणी वेगळी असू शकते आणि भाग जळतात. बोर्डाखाली पितळी पाया जास्तीचा किंवा स्क्रू सुटा पडलेला नाही ना, तेही पाहा. त्याने शॉर्ट होते.

आमच्याकडे हे सगळे ठीक होते. वीज जोडताच बोर्डावरचा बारीक दिवाही लागला, म्हणजे पॉवर सप्लायकडून थोडी तरी वीज पोहोचत होती. राहिले खोक्याचे बटण. त्याची बारीक तार बोर्डाच्या कोपऱ्यातल्या दोन पिनांवर बसते. बोर्डाच्या पुस्तिकेत त्या पिना शोधल्या, तार काढली आणि फक्त त्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचे टोक क्षणभर टेकवले. पंखे गरगर फिरू लागले! बोर्ड ठणठणीत होता. तार एक पिन सरकून बसली होती, एवढेच.

एवढे करूनही संगणक सुरू झाला नाही, तर पॉवर सप्लाय दुकानात टेस्टरवर तपासून घ्या. मात्र तो स्वतः उघडू नका. वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जिवाला धोका होईल इतकी वीज साठून राहू शकते.

आणखी एक गोष्ट. जोडताना प्रोसेसरच्या जागेतली पिन आपल्या हातून वाकली, तर तसे सांगून दुरुस्तीचा खर्च विचारावा. "आधीपासूनच खराब होता" म्हणून परत देणे ही फसवणूक आहे, समोरचा कितीही मोठा व्यापारी असो.

भाचा खूश झाला, मग एकदम गप्प बसला. "मामू, आता दुकानदाराला मेसेज करू का?"

"सुनावलेस फोनवर. माफी समोर जाऊन माग."

दुसऱ्या दिवशी तो गेला. दुकानदाराने चहा मागवला आणि म्हणाला, "बेटा, तक्रार घेऊन सगळे येतात. चूक आपली होती, हे सांगायला कोणी परत येत नाही."