बाप्तिस्मा : श्रद्धेची खूण की सरकारी पुरावा?

जुलै २०२५ मध्ये विधान परिषदेत एका लक्षवेधी सूचनेला उत्तर देताना मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी एक घोषणा केली. हिंदू, बौद्ध आणि शीख यांव्यतिरिक्त अन्य धर्मीयाने अनुसूचित जातीचा दाखला मिळवला असेल, तर तो रद्द करण्यात येईल, असे त्यांनी सांगितले. कागदोपत्री हिंदू आणि आचरणाने ख्रिस्ती अशा लोकांसाठी 'क्रिप्टो ख्रिश्चन' हा शब्दही त्या चर्चेत वापरला गेला. या घोषणेला आधार होता सर्वोच्च न्यायालयाने २६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिलेल्या निकालाचा. सक्तीच्या धर्मांतराविरुद्ध कायदा हवा की नको, या वादाच्या गदारोळात त्या निकालातील एक बाब मात्र दुर्लक्षित राहिली. चर्चच्या कपाटात पिढ्यान् पिढ्या पडून असलेली बाप्तिस्म्याची नोंदवही त्या निकालात सरकारी पुरावा म्हणून उभी राहिली आहे. ज्या पाळकाने ती नोंद श्रद्धेची खूण म्हणून केली, त्याला यापुढे ती करताना दोनदा विचार करावा लागणार आहे.

प्रकरण पुदुच्चेरीचे होते. सरकारी कारकुनाच्या पदासाठी एका महिलेने अनुसूचित जातीचा दाखला मागितला होता. आपण हिंदू आहोत, असा तिचा दावा होता. चौकशीत तिचा बाप्तिस्मा जन्मानंतर काही आठवड्यांतच, जानेवारी १९९१ मध्ये झाल्याची चर्चमधील नोंद पुढे आली. ती नियमितपणे चर्चला जाते, हेही निष्पन्न झाले. श्रद्धा एका धर्मावर आणि दाखला दुसऱ्या धर्माचा, तोही केवळ आरक्षणासाठी, ही राज्यघटनेशी केलेली प्रतारणा होय, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला. उपलब्ध पुराव्यांच्या चौकटीत तो अनाकलनीय नाही. परंतु ज्या विधीत त्या बालिकेची संमती असणे शक्यच नव्हते, तो विधी तीन दशकांनंतर तिच्या ओळखीचा प्रमुख दस्तऐवज ठरला, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे.

मंडईच्या परिसरातील धडा

बाप्तिस्मा हा श्रद्धेचा प्रश्न आहे की समाजातील स्थानाचा, हा वाद पुण्याला नवा नाही. १८८६ मध्ये 'रे मार्केट' या नावाने सुरू झालेल्या आणि आज महात्मा फुले यांचे नाव धारण करणाऱ्या मंडईपासून गुरुवार पेठेतील पंचहौद मिशन फार दूर नाही. तेथील पवित्र नाम देवालय आणि त्याचा उंच घंटामनोरा पेठेतल्या माणसांच्या नित्य परिचयाचा. पुण्यातील ख्रिस्ती वस्ती त्याहूनही जुनी आहे. पेशव्यांच्या सैन्यातील ख्रिस्ती शिपायांसाठी नाना पेठेत १७९२ मध्ये चर्च उभे राहिले, तेही पेशव्यांनी दिलेल्या जागेवर. म्हणजे शहराला ख्रिस्ती शेजाराचे वावडे नव्हते. अडचण सुरू होत असे ती पंक्तीच्या प्रश्नावर.

१४ ऑक्टोबर १८९० रोजी पंचहौद मिशनमध्ये एका समारंभाच्या निमित्ताने शहरातील सुमारे चाळीस प्रतिष्ठित मंडळी जमली. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक त्यांत होते. मिशनऱ्यांनी चहा-बिस्किटे पुढे केली. कोणी चहा घेतला, कोणी नुसता पेल्याला हात लावला. पुढे उपस्थितांची नावे वृत्तपत्रात छापून आली. शंकराचार्यांकडे तक्रार गेली, ग्रामण्य उभे राहिले आणि प्रायश्चित्ताचा वाद दीर्घकाळ रंगला. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले. यांपैकी कोणाच्याही मस्तकावर बाप्तिस्म्याचे पाणी पडले नव्हते. समाजाने श्रद्धा तपासलीच नाही, तपासला तो चहाचा पेला.

त्याआधी सातच वर्षे, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, पंडिता रमाबाईंनी इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला होता. महाराष्ट्रात त्यावरून काहूर उठले. त्या वेळी १८८५ मध्ये 'सत्सार'च्या पानांतून रमाबाईंची बाजू घेणारे जोतीराव फुले याच परिसरातील गंज पेठेत राहत होते. रमाबाईंना मात्र दोन आघाड्यांवर झुंजावे लागले. स्वजनांच्या लेखी त्या धर्मभ्रष्ट ठरल्या आणि आपण सांगू तोच ख्रिस्ती धर्म त्यांनी निमूटपणे मानावा, अशी ज्यांच्याकडून दीक्षा घेतली त्या मंडळींची अपेक्षा होती. रमाबाईंनी ती मानली नाही. ख्रिस्तावरील श्रद्धा आणि एखाद्या पंथाची शिस्त या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्यांनी आपल्या पत्रव्यवहारातून ठामपणे मांडले. बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाची ओळख कोणी ठरवायची, हा प्रश्न मराठी समाजात त्यांच्यापासून ठळक झाला.

रेव्हरंड टिळकांची अस्वस्थता

या प्रश्नाला मराठीत सर्वांत खोलवर जाऊन भिडले ते रेव्हरंड नारायण वामन टिळक. त्यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्या एका विधीने संसार दुभंगला. लक्ष्मीबाईंना पतीपासून दूर राहावे लागले. पुढे त्या परतल्या, तरी सोवळे-ओवळे काही काळ सुटले नाही. अखेर १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. मात्र जातिभेद त्यांच्या मनातून गेला तो या विधीच्या आधीच, हे 'स्मृतिचित्रे'च्या वाचकांना ठाऊक आहे. जात आणि बाप्तिस्मा यांचा संबंध कायद्याला वाटतो तितका सरळ नाही, याचा मराठीतील हा सर्वांत प्रांजळ दाखला.

टिळकांना १९०४ मध्ये पाळकपदाची दीक्षा मिळाली. नगर परिसरातील मंडळीत त्यांनी काम केले, 'ज्ञानोदय'चा मराठी विभाग सांभाळला आणि मराठी ख्रिस्ती उपासनेला अभंगाचे व कीर्तनाचे वळण दिले. परंतु जसजशी वर्षे गेली, तसतसा चर्चच्या चौकटीविषयी त्यांचा असंतोष वाढत गेला. परदेशी मिशनच्या पैशावर आणि शिस्तीवर पोसलेली मंडळी आपल्याच समाजाला परकी वाटते, ही त्यांची व्यथा होती. १९१७ मध्ये त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त या दरबारात बरोबरीने बसू शकत होते. टिळकांनी बाप्तिस्मा टाकाऊ ठरवला नव्हता. त्यांचा आक्षेप होता तो बाप्तिस्मा म्हणजे एका समाजातून हकालपट्टी आणि दुसऱ्या समाजात भरती, या समीकरणाला. ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले आणि दरबारही फार काळ टिकला नाही. प्रश्न मात्र शिल्लक राहिला.

पुढे १९७०च्या दशकाच्या आरंभी याच मुद्द्यावर एम. एम. थॉमस आणि बिशप लेस्ली न्यूबिगिन यांच्यात गाजलेला वाद झाला. भारतात बाप्तिस्मा म्हणजे एका जमातीतून दुसऱ्या जमातीत जाणे असा अर्थ घेतला जातो. तेव्हा हिंदू समाजात राहूनही ख्रिस्ताला मानणाऱ्यांची सोबत शक्य असली पाहिजे, असा थॉमस यांचा रोख होता. दृश्य मंडळीवाचून श्रद्धा हवेत राहते, हे न्यूबिगिन यांचे उत्तर होते. दोघांच्या म्हणण्यात तथ्य आहे आणि म्हणूनच आजच्या पाळकाची अडचण सोपी नाही.

मंडळीच्या आतले प्रश्न

रविवारच्या उपासनेला येणारा, पण बाप्तिस्म्यासाठी पुढे न होणारा माणूस भारतातील चर्चला अपरिचित नाही. वाराणसीच्या मातृधाम आश्रमात येणारे ख्रिस्तभक्त हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. अशा माणसाला प्रभुभोजनाला बसवायचे की नाही, त्याच्या मुलीचे लग्न चर्चमध्ये लावायचे की नाही, त्याला मूठमाती कोठे द्यायची, हे पाळकापुढचे रोजचे प्रश्न आहेत. मनाची तयारी नसलेल्याला पाण्याकडे ओढणे हा संस्काराचा अपमान, आणि दाखला जाईल म्हणून तयारी असूनही मागे राहण्याचा सल्ला देणे हा स्वतःच्या श्रद्धेशी खोटेपणा. नोंदवहीत नाव न घालता गुपचूप संस्कार उरकणे हा तर त्याहून वाईट मार्ग. त्यातून संशय वाढतो आणि 'छुपे ख्रिस्ती' या आरोपाला आयता आधार मिळतो.

बालबाप्तिस्म्याचा प्रश्न याच्याशीच निगडित आहे. १९७० मध्ये नागपूर येथे सहा पंथ एकत्र येऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन झाले, तेव्हा अर्भकाचा बाप्तिस्मा आणि जाणत्या वयात विश्वास कबूल करून घेतलेला बाप्तिस्मा, या दोन्ही प्रथांना मान्यता देण्यात आली. ती तडजोड धर्मशास्त्रीय होती. मुलाच्या भावी नागरी हक्कांशी तिचा काही संबंध येईल, असे तेव्हा कोणाच्या गावीही नसेल. आता आईवडिलांनी कौतुकाने करवून घेतलेला संस्कार मुलाच्या हाती कोणता कागद देतो आणि कोणता काढून घेतो, हे पाळकाला त्यांना समजावून सांगावे लागेल.

चर्चच्या पदरातही दोष आहे. बाप्तिस्म्यात जात बुडते, ही शिकवण व्यासपीठावर राहिली आणि सोयरिकीच्या वेळी जात पाण्याबाहेर येत राहिली. भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर केले, त्यात चर्चमधील जातिभेद उघडपणे मान्य करण्यात आला. ही कबुली मोलाची आहे, पण ती उशिरा आली. दरम्यान कायद्याने मंडळीची जुनी शिकवण शब्दशः घेतली होती.

पाण्याने जात जाते काय?

१९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा केवळ हिंदूंपुरता मर्यादित होता. १९५६ मध्ये त्यात शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा समावेश झाला. ख्रिस्ती व मुस्लिम बाहेर राहिले. अनुसूचित जमातींना मात्र अशी धर्माची अट नाही. मद्रासमधील एका ख्रिस्ती झालेल्या चर्मकार कारागिराने दाद मागितली. हिंदू चर्मकारांना मिळालेली टपरी त्याला नाकारण्यात आली होती. धर्मांतरानंतर जात कायम राहिली एवढे दाखवणे पुरेसे नाही. तिच्यामुळे होणारी हानीही तितकीच तीव्र असल्याचे सिद्ध झाले पाहिजे, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये त्याला नकार दिला. २००७ मध्ये न्या. रंगनाथ मिश्र आयोगाने हा दर्जा धर्मापासून विलग करण्याची शिफारस केली, ती अमलात आली नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये न्या. के. जी. बालकृष्णन आयोग नेमला गेला आणि त्याला मुदतवाढी मिळत गेल्या. २०२५ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने तर पाळक म्हणून काम करणाऱ्या धर्मांतरिताला ॲट्रॉसिटी कायद्याचे संरक्षणही नाकारले.

या भूमिकेमागचा युक्तिवाद समजून घेतला पाहिजे. जो धर्म जात मानत नाही असे सांगतो, त्याच्या अनुयायांनी जातीच्या आधारावर सवलत का मागावी, हा प्रश्न वावगा नाही. आहे त्या आरक्षणात वाटेकरी वाढतील, ही हिंदू आणि बौद्ध दलितांची भीतीही काल्पनिक नाही. परंतु जात न मानणाऱ्या बौद्ध धम्माला हा नियम लावला गेला नाही. दीक्षेनंतरही गावाने वस्ती वेगळीच ठेवली, हे महाराष्ट्राने पाहिले आणि संसदेने १९९० मध्ये ते मान्य केले. गाव जसे बौद्धाची जात विसरत नाही, तसे ते ख्रिस्ती झालेल्याचीही विसरत नाही.

याहून विलक्षण आहे ती परतीची वाट. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा मूळ धर्मात आलेल्या व्यक्तीसाठी तीन कसोट्या सांगितल्या : मूळ जातीचा पुरावा, पूर्वजांच्या धर्मात प्रत्यक्ष पुनरागमन आणि त्या जातसमूहाने केलेला स्वीकार. यातील तिसरी कसोटी वाचताना १८९०चे ग्रामण्य आठवल्यावाचून राहत नाही. आधुनिक राज्यघटनेखालीही माणूस आत की बाहेर, याचा कौल शेवटी जातबांधवांकडेच मागितला जातो.

२०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारखा धर्मगुरू धाराशिव येथील २०२०च्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष होतो, तेव्हा मराठीपण आणि ख्रिस्तीपण यांत विरोध नाही, हे दिसते. त्या निवडीला धर्माच्या नावाने विरोध होतो, तेव्हा हे सर्वांना पटलेले नाही, हेही दिसते.

फसवून मिळवलेला दाखला रद्द व्हावा, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु फसवणूक शोधण्याचे साधन म्हणून बाप्तिस्म्याची नोंदवही वापरायची असेल, तर तिच्यात काय लिहिलेले असते, हे आधी ध्यानात घ्यावे लागेल. तीत नाव असते, तारीख असते, पालकांची व धर्मपालकांची नावे असतात. गावच्या पाणवठ्यावर त्या माणसाला कोणती वागणूक मिळते, हे तीत लिहिलेले नसते. सामाजिक वंचना मोजायची असेल, तर ती वंचनेच्याच मापाने मोजावी. चर्चनेही आपल्या आतली जात उघड्या डोळ्यांनी पाहावी आणि नोंदवही स्वच्छ ठेवावी. बाप्तिस्मा घेणे किंवा न घेणे हा निर्णय लाभ-हानीच्या हिशेबापासून जितका दूर राहील, तितका तो खरा राहील. टिळकांच्या दरबाराने मागितले होते ते एवढेच, आणि शंभर वर्षांनंतरही ते देणे राज्यसंस्था व मंडळी या दोघींकडे बाकी आहे.